रुख्मिणीचा खांदा

२ जुलै १९५८

ही वही बाबांनी दिली. अकोल्याच्या स्टँडवर बस सुटता सुटता खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "तथी बोलाले कोनी भेटन, नाई भेटन. इच्यात लिहीत जा." बाबा कापसाच्या जिनात कामाला आहेत, स्वतःला जेमतेम सही येते, पण वही मात्र जाड पुठ्ठ्याची आणली. चार महिने ती ट्रंकेच्या तळाशी पडून होती. आज काढली, कारण बाबांचं खरं ठरलं.

गावाचं नाव लिहीत नाही. हिवरखेडच्या बाजूला आहे एवढं पुरे. आठ खाटांचा दवाखाना, त्यात डॉक्टर, कंपाउंडर, आया आणि मी. डॉक्टरसाहेब भले आहेत, पण कोणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. कंपाउंडर सहदेव बोलतो, पण त्याचं बोलणं ऐकलं की डॉक्टरसाहेब बरे वाटतात. राहिली केशरबाई. दवाखान्याची आया, पन्नाशीची, आमच्यातलीच. तिनं मला पहिल्याच दिवशी ओळखलं. कसं ते तिलाच ठाऊक, कारण माझं वानखडे आडनाव कुणब्यांतही आहे आणि आमच्यातही. दुपारी मागच्या ओट्यावर आम्ही दोघी मिळून जेवतो. ती मला पोरी म्हणते आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवते.

तिनं एकदा विचारलं होतं, "गावात सांगू का, तू कोन व्हय त?" मी म्हटलं, आपणहून सांगायचं नाही आणि लपवायचंही नाही. कोणी विचारलं तर ताठ मानेनं सांगेन. बाबांचा हात धरून नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, ती काय तोंड लपवायला? केशरबाई हसली. "कोनी इचारत नाई तवर सारेच वाघ," म्हणाली.

अजून कोणी विचारलेलं नाही. नर्स म्हटली की लोक तसेही हातभर लांब बसतात. दिवसभर मी माणसांना हात लावते. नाडी बघते, कूस बदलते, कण्हणाऱ्याचं डोकं मांडीवर घेते. संध्याकाळी क्वार्टरला येऊन कडी लावली की सकाळपर्यंत मला कोणाचा स्पर्श नाही, आवाज नाही. अमरावतीच्या होस्टेलात आम्ही सहाजणी एका खोलीत होतो तेव्हा भांडण व्हायचं, जागा पुरत नाही म्हणून. मला इथं करमत नाही. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१० जुलै

काल जे झालं ते नीट लिहून ठेवते. आत्ताच अकोल्याहून बसनं परत आले आहे, अंग ठणकतंय, पण झोप येणार नाही.

दुपारी खुशालराव नावाचा शेतकरी बायकोला बंडीत घालून घेऊन आला. पाच कोसांवरच्या गावचा. बरोबर त्याची आई, कौशल्याबाई. नाल्याच्या उतारावर बैल बुजले, बंडी उलटली आणि बायको खाली सापडली. रुख्मिणी तिचं नाव. वीस-बावीसची असेल. कपाळ फाटलेलं, त्यात हळद आणि तंबाखू ठासलेली, लुगडं छातीपर्यंत लाल. इतकं रक्त पाहिलं की सगळे कपाळाकडेच धावतात. डॉक्टरसाहेबांनी जखम धुतली, सुरेख टाके घातले, पट्टी बांधली आणि "आठ दिवसांनी आणा" म्हणून बाहेरच्या रांगेकडे गेले. बाहेर तापाचे चाळीस लोक बसले होते, त्यांचाही दोष नाही.

आमच्या अमरावतीच्या मेट्रन म्हणायच्या, रक्त तर रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं, तुम्हाला पगार न दिसणाऱ्याचा मिळतो. मार लागलेला माणूस आला की डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं, पालथं करून पाठ पाहायची, आणि सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून पाहायचं. जे पहिल्या वेळी नसतं ते दुसऱ्या वेळी असतं.

मी दुसऱ्यांदा पाहिलं. कपाळाचं रक्त थांबलं होतं, तरी ओठ पांढरे पडत चालले होते. हाताला गार घाम. नाडी धावत होती आणि बोटाखाली बारीक होत होती. मी विचारलं, "कुठं दुखतं?" कौशल्याबाई म्हणाल्या, "डोस्कं, आन् काय? खांदा दुखते म्हने. तो घरी शेकू."

"कोणता खांदा?"

"डावा."

खांद्याला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. हात वर जात होता. खांद्याला काही नसताना डावा खांदा दुखला तर खांद्याकडे पाहत बसायचं नसतं. पोटात रक्त साचायला लागलं की कळ वर खांद्यात येते. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आमचं चाललं होतं. मी लुगड्याची गाठ सैल करायला हात घातला, आणि कौशल्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. कोन व्हय तू?"

"नर्स."

"ते दिसते. जात पुसून राह्यलो मी."

मी म्हटलं, आधी पोट पाहू द्या, मग सगळं सांगते. त्या हटेनात. "माह्या घरी देव हायेत. सून देवाचं करते. डाक्टरनं कपाळाले हात लावला, त्याचं मी काई म्हनलं नाई. पोटाले कोनाचाबी हात नाई लागू देत आमी." पुरुषानं पोट तपासायचं तर नावच काढायला नको. म्हणजे मीच पाहायचं, नाहीतर कोणीच नाही. खुशालराव दारात पाठ करून उभा. केशरबाई शेजारी भगोणं धरून उभी. माझ्या बोटाखाली नाडी पळत होती.

मी म्हणाले, "वानखडे. कुणबी. आता सोडा हात."

त्यांनी सोडला.

पोट फळीसारखं कडक. डाव्या बरगड्यांखाली काळंनिळं, बंडीचं जू नेमकं तिथं बसलं असणार. लुगडं सोडताना रुख्मिणी माझ्याकडे टक लावून पाहत होती, तिचे ओठ हलले. मी म्हटलं, पडून राहा, बोलू नकोस, दम राख. डॉक्टरसाहेबांना हाक मारली. ते आले, माझं ऐकलं, रक्तदाब पाहिला आणि क्षणभरही घालवला नाही. ब्लॉक ऑफिसची जीप मागवली, मला सोबत पाठवलं. जीपमध्ये तिचे पाय माझ्या मांडीवर उंच धरून अकोल्यापर्यंत नेली. खुशालरावचा अंगठा घेऊन तिथल्या सर्जननी लगेच पोट उघडलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, काढून टाकली. बाहेर येऊन मला म्हणाले, अजून जरा उशीर झाला असता तर आणायची गरजच उरली नसती.

मी खोटं बोलले. विचारलं तर ताठ मानेनं सांगणार होते, आणि पहिल्यांदाच विचारलं तेव्हा खोटं बोलले. पण ती जिवंत आहे. याच्यात वाईट काय, ते मला तरी दिसत नाही.

१२ जुलै

केशरबाई ओट्यावर आली नाही. गुडघा धरलाय म्हणाली. मी एकटीच जेवले. पोळ्या खरंच वातड होतात माझ्या.

१९ जुलै

खुशालराव अकोल्याहून परतताना दवाखान्यात थांबून गेला. रुख्मिणी उठून बसते, पेज पिते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला तो बैलांना शिव्या देत होता. आईनं माझ्यासाठी मुगाच्या डाळीचं गाठोडं पाठवलं होतं. "आई म्हने, पोरगी आपल्यातली होती म्हून वाचली सून."

मी डाळ घेतली.

केशरबाईचा गुडघा बरा दिसतो. लादी तर उकिडवी बसून पुसते. जेवायला मात्र घरीच जाते. हल्ली मला "बाई" म्हणते. सहदेवसमोर म्हणत असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही, पण आज आम्ही दोघीच होतो.

११ ऑगस्ट

रुख्मिणीला इथं आणलं आहे. जखमेला एका टोकाला पू धरला, रोज ड्रेसिंग लागतं आणि गावाहून रोज येणं झेपणार नाही, म्हणून डॉक्टरसाहेबांनी ठेवून घेतलं. कौशल्याबाई सोबतीला राहिल्या आहेत. मला पाहताच त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. इतकी कडाकडा मोडली की सहदेव औषधाच्या खोलीतून डोकावला.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर असं कोणी केलेलं नाही.

जखम बरी भरते आहे. रुख्मिणी ड्रेसिंगला हूं की चूं करत नाही. शांत स्वभावाची पोर दिसते. आज काहीतरी विचारायला "सिस्टर" म्हणाली, तेवढ्यात कौशल्याबाईंनीच सांगितलं की तिला खाज सुटते, मग मी पट्टी बदलून दिली.

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना बत्तासे वाटले. दवाखान्याला सुट्टी नाही, पण काम कमी होतं. कौशल्याबाईंनी मला वऱ्हांड्यात बसवून डोक्याला तेल लावलं. "केसाचं काय भूस करून ठेवलं बाप्पा! नर्सच्या टोपीखाली कोनी पाहत नाई म्हून का?" त्यांची बोटं कणखर आहेत, मानेच्या शिरा मोकळ्या झाल्या. मला डुलकी लागली. त्यांचा एक भाचा शेंदूरजनाघाटला आहे म्हणे, संत्र्याचे बगीचे आहेत, मॅट्रिक झाला आहे. मी म्हटलं, मला नोकरी सोडायची नाही. "सोड कोन म्हनते? तिकडे दवाखाने नाईत का?" रुख्मिणी खाटेवरून आमच्याकडे बघत होती.

मग केशरबाई माठाजवळून बादली घेऊन गेली. कौशल्याबाई ताडकन उठल्या. "ओ बाई, माठापासून दूर हो. शिवशीन." आणि माझ्याकडे वळून, "तूबी कशी चालू देतं वो हे? तुह्या पिण्याचं पानी हाये त्याच्यात."

माझ्या डोक्यावर अर्धं तेल लावलेलं. मी काही बोलले नाही. केशरबाईनं बादली दुसऱ्या हातात घेतली आणि वळसा घालून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे तिला फारसं लागलं नसावं. तिला अशा बोलण्याची सवय आहे.

हे वरचं वाक्य मी दोनदा वाचलं. खोडत नाही, राहू दे.

२० ऑगस्ट

रुख्मिणी घरी गेली. खाटा रिकाम्या, वऱ्हांडा रिकामा. कौशल्याबाई होत्या तेव्हा दिवसभर त्यांच्या तोंडाची टकळी चालू असायची, मी कंटाळायची. आता सहदेवशी बोलावंसं वाटायला लागलं आहे, म्हणजे माझी अवस्था कठीण आहे.

३१ ऑगस्ट, अकोला

दोन दिवसांची रजा. बाबांनी स्वतः भरीत केलं, त्यात मिरच्या मोजून टाकायच्या असतात हे त्यांना अजून कळलेलं नाही. बंडीखालच्या बाईची गोष्ट त्यांना सांगितली. खांद्याची कळ आणि पोटातलं रक्त त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं आणि जिनातल्या मित्राला, डोमाजीकाकांना, बोलावून परत सांगायला लावलं. काकांनी विचारलं, "कुणब्याची बाई, अन् हात लावू देल्ला?"

बाबाच म्हणाले, "काहून नाई लावू देनार? दिवस बदलले आता. माह्या पोरीनं सांगतलं असन तोंडावर."

मी भरीत खात राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीवर खपून गेलं.

१४ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज कौशल्याबाई स्वतः आल्या, हळदीकुंकवाची वाटी घेऊन. त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. "औंदा कुमारीन म्हून तू जेवशीन माह्या घरी. सून तू वाचोली, तुहे पाय सूनच धुईन. नाई म्हनशीन त मी अथीच बसतो."

मी ड्यूटीचं कारण सांगितलं. त्यांनी डॉक्टरसाहेबांना गाठलं, आणि त्यांनी एका वाक्यात रजा दिली. नेमकं या वेळी भलेपणा सुचला.

मी महालक्ष्म्या मानत नाही. गौरी-गणपती मानणार नाही अशी हजारो माणसांच्या मधोमध उभं राहून शपथ घेतली आहे. आणि त्या मानतात, मनापासून मानतात. कपाळावर मार लागलेल्या सुनेला मरू दिलं असतं पण पोटाला हात लावू दिला नसता, इतकं मानतात. त्या कुमारिकेच्या पाटावर मी बसले तर त्यांना फसवते आणि स्वतःलाही. दवाखान्यात खोटं बोलले ते रुख्मिणीच्या जिवासाठी. पाटावर बसून जेवले तर ते कोणाच्या जिवासाठी?

आणि तरी मला जायचं आहे. त्या घरात दहा बायका असतील, सगळ्या एकदम बोलत असतील, कोणीतरी माझ्या ताटात आग्रहानं वाढेल. मला फार जायचं आहे.

१८ सप्टेंबर

ठरलं. जायचं नाही. आजारी पडल्याचा निरोप पाठवायचा.

संध्याकाळी: आजारी पडल्याचा निरोप म्हणजे आणखी एक खोटं. आणि कौशल्याबाई आजारी ऐकून बंडी जुंपून इथं येतील. जाते. तोंडावर सांगून परत येईन. सांगितल्यावर त्या मला दारात उभी करणार नाहीत, हे मला आत्ताच दिसतं आहे. झाकली मूठ होती तोवर माझ्या डोक्याला तेल लागत होतं.

२१ सप्टेंबर

सांगितलं.

खुशालराव काल सकाळी बंडी घेऊन न्यायला आला. वाटेभर सांगायचं वाक्य मनात घोळवत होते. घरात शिरले आणि बायकांनी हाताला धरून आत ओढलं. आंबिलीचा आणि पुरणाचा वास, उभ्या महालक्ष्म्या, नवी लुगडी, कोणी माझ्या केसांत फुलं खोवतंय. कौशल्याबाई प्रत्येकीला सांगत होत्या, हीच ते नर्स, हीच. दाराशी बोलायचं होतं ते राहून गेलं. मग देवघराच्या चौकटीपाशी बोलू म्हटलं, तेही राहिलं. मी पाटावर बसले. हो, बसले.

रुख्मिणी तांब्या आणि परात घेऊन आली. पाय धुवायला वाकली आणि वाकताना तिचा डावा हात आपोआप पोटावर गेला. टाके भरले असले तरी तिनं अजून असं वाकायला नको. मी पाय मागे घेतला.

"वाकू नकोस," म्हटलं. आणि मग कौशल्याबाईंकडे पाहून, "मावशी, मी कुणबी नाही. आम्ही बौद्ध आहोत. आधीचे महार. त्या दिवशी मी खोटं बोलले."

घोळवलेलं वाक्य हे नव्हतं. ते चांगलं लांब होतं.

एका बाईच्या हातातून पळी पडली. कोणीतरी "अवो माय" म्हणालं. कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "तवाच काहून नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असता?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी पाहत होते. "नाई," म्हणाल्या. "नसता लावू देल्ला."

"मग ही मेली असती."

"हाओ. मेली असती."

आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. सरकी काय भावानं गेली ते सांगावं तसं सांगितलं. मी उठायला लागले. तेवढ्यात रुख्मिणी बोलली. ती अजून परातीपाशीच बसून होती.

"मले इचारलं असतं त मी लावू देल्ला असता."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. सासूसमोर ती असं बोललेली कोणी ऐकलं नसावं. तिनं मान वर केली नाही.

"मी जागीच होतो. पोट माहं दुखून राह्यलं होतं. आत्याबाईनं तुमाले इचारलं, तुमी आत्याबाईले सांगतलं. मले कोनीच नाई इचारलं. मी म्हनत होतो, पाहा जी, लवकर पाहा. त तुमी मले म्हनलं, बोलू नको."

मग तिनं परातीतलं पाणी अंगणात नेऊन ओतलं.

मी पाटावरून उठले, फुलं काढून तिथंच ठेवली. कौशल्याबाई महालक्ष्म्यांकडे तोंड करून बसल्या होत्या. माझ्याशी वाईट वागलं असं कोणीच नाही. फक्त मी जात होते तिथून बायका बाजूला सरकत होत्या, आणि येताना त्याच मला ओढत होत्या. खुशालरावनं न सांगता बंडी जुंपली. अर्ध्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "तुमी नसतं सांगतलं त काय बिघडलं असतं?"

मी कपाळाच्या जखमेमागचं पोट ओळखलं, खांद्याची कळ ओळखली, अकोल्याच्या सर्जननी पाठ थोपटली. तोंड असलेल्या, शुद्धीवर असलेल्या बाईला मात्र विचारलं नाही. "कुठं दुखतं" हेसुद्धा मी सासूकडे बघून विचारलं होतं. आज सकाळपासून आठवून पाहते आहे, की दहा दिवस ती इथं खाटेवर होती तेव्हा मी तिच्याशी काय बोलले. "कूस बदल." "झालं." आणखी काही आठवत नाही.

२२ सप्टेंबर

केशरबाईच्या घरी गेले. ती वस्तीत राहते हे माहीत होतं, पण सहा महिन्यांत मी एकदाही गेले नव्हते. सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली.

"सांगतलं ते बरं केलं," म्हणाली.

मी माठाचं काढलं. म्हटलं, तेव्हा मी बोलायला हवं होतं.

"माठाचं सोड. तसं बोलनारे लय पाह्यले. तू कुणबी म्हनली तवा मी बाजूले भगोनं धरून उभी होतो. बाईचा जीव जात होता, मलेबी दिसत होतं. मीबी तेच म्हनली असती." तिनं सूप खाली ठेवलं. "पन मंग माह्याकडे एकडाव पाहाचं होतं वो. त्या दिवशी नाई, त दुसऱ्या दिवशी."

मी म्हटलं, तुझा गुडघा दुखतो असं तू सांगितलं होतंस.

"अन् तुले ते पटलं," केशरबाई म्हणाली.

तिनं चहा दिला. उद्या ओट्यावर येशील का, असं मी विचारलं नाही. चहा पिऊन आले.

३० सप्टेंबर

कौशल्याबाईंच्या गावचं आता कोणी येत नाही. तापाचे लोकही नाहीत. सहदेव सांगतो की ते सरळ तेल्हाऱ्याला जातात. माझ्याकडे तिरपं बघून सांगतो. डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, "बदली हवी का?" मी नको म्हटलं. ते बरं म्हणाले.

९ ऑक्टोबर

आज ज्वारीच्या वावरातल्या माळ्यावरून पडलेली बाई आणली. पार्बताबाई, चाळिशीच्या पुढची. पाखरं हाकायला माळ्यावर चढली होती, आधाराची बल्ली मोडली आणि बांधावरच्या दगडांवर पडली. नवरा आणि दीर बाजेवर घालून घेऊन आले. नवरा बोलायला लागला, हात मुरगळला आहे, तेवढं बांधून द्या, बाकी काई नाई. हात सुजला होता हे खरं. पण बाई गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, जरा थांबा. खाटेशी खाली बसले, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल. विचारलं, "कुठं दुखतं?"

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मी थांबले. नाडी पळत असताना थांबणं फार कठीण जातं, पण थांबले. मग तिनं पोटावर हात नेला.

मी म्हटलं, "मला पोट पाहावं लागेल, लुगडं सैल करून. मी नर्स आहे. आम्ही बौद्ध आहोत, आधीचे महार. तुम्हाला चालत असेल तर हात लावते."

दीर पुढं झाला. केशरबाई ट्रे धरून दारात होती, तिनं त्याला तिथंच अडवलं. सहदेवचा खलात औषध वाटण्याचा आवाज बंद पडला. तिनं नाही म्हटलं तर मी काय करणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आत्ताही नाही.

पार्बताबाई म्हणाली, "लाव ना माय, काहून पुसत बसली? पन पयले घोटभर पानी पाज तुह्या हातानं. नरडं सुकलं माहं."

पोट पाहिलं. उजवीकडे कडक होतं. डॉक्टरसाहेब आले, जीपला निरोप गेला. आणि ती पाणी मागत राहिली.

पोटाला मार असला की तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पोट उघडायची वेळ आली तर तेच पाणी उलटून छातीत जातं. अमरावतीला पहिल्या वर्षी पाठ केलेला नियम आहे, मी तो कधी मोडलेला नाही. माझी जात ऐकून घेऊन माझ्या हातचं पाणी मागणारं माणूस मला नोकरीत आजवर भेटलं नव्हतं. "एक घोट, माय," ती म्हणत होती, "एकच." मी नाही म्हणत होते. कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला, तर ती तो तान्ह्या पोरासारखा चोखायला लागली. माझ्या दुसऱ्या हाताची बोटं तिच्या नाडीवर होती. मोजणी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नीट मोजली आणि डॉक्टरसाहेबांना सांगितली.